शिधा आणि आस्वाद

मॉरिशस बेटावरच्या स्थानिक अन्नाविषयीचा अगदी आरंभीचा लेखी अभिप्राय प्रतिकूल आहे. १५९८ च्या सप्टेंबरात डच खलाशी या बेटावर उतरले. तेथे त्यांना माणूस भेटला नाही. भेटली ती महाकाय कासवे, वटवाघळे, कबुतरे आणि उडता न येणारा एक स्थूल पक्षी. खलाशांनी तो शिजवून पाहिला. मांस चिवट निघाले, चव पसंत पडली नाही आणि त्यांनी त्याला 'वाल्खव्होगेल', म्हणजे किळस आणणारा पक्षी, असे नाव दिले. जग पुढे त्याला डोडो म्हणू लागले. सतरावे शतक संपण्यापूर्वी तो नामशेष झाला. माणसांनी त्याला खाल्ले त्याहून माणसांबरोबर जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडांनी त्याची अंडी अधिक खाल्ली, असे अभ्यासक मानतात. तथापि खाणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली आणि मूळचा रहिवासी संपला, हा क्रम बदलत नाही.

आतिथ्य या व्यवहाराला दोन पक्ष लागतात. एक दार उघडणारा, दुसरा उंबऱ्याशी उभा असलेला. मॉरिशसच्या बाबतीत पहिला पक्षच नव्हता. डच आले आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. जाताना जावाहून आणलेला ऊस आणि हरिणे मागे ठेवून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटावर हक्क सांगितला, १८१० मध्ये ते इंग्रजांनी जिंकले. मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले गेले. काही हिंदुस्थानातूनही आणले गेले. १८३४ पासून १९२० च्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून अधिक हिंदुस्थानी माणसे करारबद्ध मजूर म्हणून आली. चिनी व्यापारी आले. या बेटावरचा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा बाहेरून आलेला आहे; फरक एवढाच की काही जण आले आणि बाकीचे आणले गेले. अशा भूमीवर 'स्थानिक अन्न' चाखायला जाणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ते करताना चाखणाऱ्याकडे काही देणे लागते की नाही, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा किरकोळ नाही.

तो किरकोळ वाटावा अशी व्यवस्था मात्र चोख आहे. २०१९ मध्ये या बेटाला तेरा लाखांहून अधिक पर्यटकांनी भेट दिली. देशाची लोकसंख्या त्या वेळी साडेबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे वर्षाकाठी घरच्या माणसांपेक्षा पाहुणे अधिक. त्यांच्या हाती पडणाऱ्या पत्रकांत मार्क ट्वेनच्या नावावर एक उद्गार हटकून असतो: आधी मॉरिशस निर्माण झाले आणि मग त्याची नक्कल करून स्वर्ग. ट्वेन १८९६ मध्ये या बेटावर येऊन गेला आणि पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने हे लिहिलेही. पण स्वतःचे मत म्हणून नव्हे. बेटावरच्या एका रहिवाशाकडून अशी समजूत ऐकू येते, असे तो सांगतो, आणि दुसरा रहिवासी त्याला अतिशयोक्ती म्हणतो, हेही लगोलग नोंदवतो. पत्रक लिहिणाऱ्यांनी पहिला रहिवासी ठेवला, दुसऱ्याला गाळले. प्रवासवर्णनाच्या वाचकाला ही क्लृप्ती नवी नाही. स्थळाविषयी स्थानिकांत असलेला मतभेद पुसला की स्थळ 'रमणीय' होते.

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजाराच्या आसपास दुपारी फिरणाऱ्याला हा दुसरा रहिवासी भेटू शकतो. काचेच्या पेटीत पातळ, मऊ पोळ्यांची चळत असते. विक्रेता त्यांतल्या दोन उचलतो. हा पदार्थ जोडीनेच विकतात. त्यांवर मोठ्या पांढऱ्या घेवड्याची दाट आमटी, टोमॅटोची 'रुगाय', कोथिंबिरीची चटणी (तिला तेथे 'सातिनी' म्हणतात) आणि वाटलेली मिरची घालून, गुंडाळी करून, कागदात देतो. कारकून, शाळकरी मुले, बंदरावरचे हमाल उभ्याउभ्याच खातात. ही डालपुरी. बेटाचे राष्ट्रीय अन्न कोणते, असे विचारले तर बहुतेक जण हिचेच नाव घेतील. मग तो विचारला गेलेला मनुष्य हिंदू असो, मुसलमान असो, आफ्रिकी वंशाचा क्रेओल असो की चिनी.

तिचे घटक वेगळे करून पाहिले की 'स्थानिक' या शब्दाची पंचाईत होते. पोळीत डाळ भरण्याची रीत भोजपुरी मुलखाची. भरलेली डाळ बहुधा पिवळ्या वाटाण्याची. गव्हाचे पीठ बाहेरून येणारे. घेवडा, टोमॅटो आणि मिरची यांचे मूळ अमेरिका खंडात. टोमॅटोला दिलेले 'पॉम दामूर', प्रेमाचे फळ, हे नाव जुन्या फ्रेंचातले. कोथिंबीर हिंदुस्थानी हाताची. एकही घटक मूळचा बेटावरचा नाही. आणि तरीही डालपुरी ही बिहारात मिळणारी वस्तू नव्हे, ती मॉरिशसचीच. 'स्थानिक' शब्दात स्थान आहे, जन्म नाही. जे मुक्कामाला आले आणि जाऊ शकले नाही, तेथल्या टंचाईशी ज्याने जुळवून घेतले, शेजाऱ्याच्या चुलीवरून ज्याने उसने घेतले आणि परत केले नाही, ते स्थानिक झाले. बेटावरच्या अन्नाची शुद्धता शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. शोधायचीच असेल तर ती डोडोच्या मांसात होती, आणि ते पाहुण्यांना आवडले नव्हते.

येथवर विचार सोपा आहे, आणि पर्यटनखात्यालाही तो मान्य होईल. किंबहुना त्याने तो आधीच स्वीकारला आहे: अनेक खंडांचा संगम, इंद्रधनुष्यी संस्कृती, एका ताटात सगळे जग. अडचण आहे ती 'संगम' या शब्दात. नद्या संगमाला आपल्या उताराने येतात. माणसे तशी आली नव्हती.

फ्रेंच अमदानीत १७३५ मध्ये गव्हर्नर होऊन आलेल्या माहे द ला बूर्दोने याने कसाव्याच्या लागवडीचा आग्रह धरला. वादळात तग धरणारे, थोड्या श्रमात येणारे हे कंद गुलामांचे पोट स्वस्तात भरतील, हा त्यामागचा हिशेब. रानातली आणि परसातली पालेभाजी, जिला क्रेओल भाषेत 'ब्रेद' म्हणतात, ती ज्यांच्याकडे दुसरे काही नव्हते त्यांची भाजी: अळूची पाने, भोपळ्याचे शेंडे, शेवग्याचा पाला. शेवग्याचे तेथले नाव 'मुरुंग' हे तमिळ 'मुरुंगै'चे रूप आहे. मळ्याबाहेरचा हा पाला पाण्यात उकळून, लसूण-आले घालून केलेला कढ आज हॉटेलांतल्या भोजनात 'बुइयों ब्रेद' म्हणून मांडला जातो. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी संपुष्टात आली तेव्हा मळेवाल्यांना सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना काही मिळाले नाही. आणि त्यांच्या जागी मजूर हवे होते, म्हणून जहाजे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांकडे वळली.

करारबद्ध मजुराचा करार पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना पाच रुपये आणि त्याबरोबर शिधा: ठरलेल्या मापाचा तांदूळ, डाळ, मीठ, तेल किंवा तूप. मराठीत 'शिधा' शब्दाला एक मंगल छटा आहे. दारी आलेल्याला कोरडा शिधा द्यावा. घेणाऱ्याने तो आपल्या हाताने शिजवावा. त्यात देणाऱ्याचे पुण्य आणि घेणाऱ्याचे स्वातंत्र्य दोन्ही सांभाळले जाते. मळ्यावरच्या शिध्यात नेमके हेच उलटे होते. तो मजुरीचा भाग होता, म्हणजे दान नव्हता. आणि मजुराला धाकात ठेवण्याचे साधन होता, म्हणजे नुसती मजुरीही नव्हता. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची जी पद्धत 'डबल कट' म्हणून कुप्रसिद्ध झाली, तिने महिनाअखेरीस किती माणसांच्या हाती पाच रुपये पडू दिले असतील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. अभिमन्यु अनत यांच्या 'लाल पसीना' (१९७७) या हिंदी कादंबरीने मळ्यावरच्या या जीवनाला साहित्यात जागा मिळवून दिली. बेटावर आजही सरकारी अनुदानाने स्वस्त मिळणाऱ्या तांदळाला रेशनचा तांदूळ असेच म्हटले जाते.

आता प्रश्न उभा राहतो. बळजोरीतून जन्मलेल्या अन्नाचा आस्वाद घेणे कितपत उचित?

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न वेगळ्या वेषात परिचयाचा आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना मांडताना दृष्टांत घेतला तो पाकशाळेचाच. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा प्रसन्नचित्त पुरुष जसा रस चाखतो, तसा प्रेक्षक स्थायी भाव चाखतो. सौंदर्यविचाराने अन्नाकडून 'आस्वाद' हा शब्द उसना घेतला आणि त्याच्याबरोबर एक अडचणही ओढवून घेतली: शोकाचा आस्वाद कसा? दुःख पाहून आनंद कसा? मराठीत या प्रश्नाचा काथ्याकूट पुष्कळ झाला. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडत नाही; या दुहेरीपणात वाङ्मयीन आनंद आहे. अभिनवगुप्ताने त्याच्या पुष्कळ आधी रसाच्या आड येणाऱ्या विघ्नांची यादी केली, तीत स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक विघ्न सांगितले आहे.

या सगळ्या चर्चेला एक गृहीत आहे, आणि बेटावरच्या ताटासमोर ते गळून पडते. रंगभूमीवरचा राम खरोखर रडत नसतो. करुणरसाचा आनंद निर्दोष ठरतो तो त्यातला शोक कुणा एकाचा उरलेला नसतो म्हणून. कसाव्याच्या बिस्किटाचे तसे नाही. महेबूर गावात १८७० मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात ती बिस्किटे विस्तवावरच्या तव्यांवर भाजतात, आणि पाहुणे ती चहाबरोबर मोठ्या कौतुकाने खातात. त्या कसाव्यामागचा शोक साधारणीकृत नाही. तो ठराविक माणसांचा होता. त्यांचे वंशज त्याच बेटावर, पुष्कळदा त्याच किनाऱ्यावर, राहतात. काव्यातील करुणाच्या आस्वादाचे समर्थन प्रत्यक्ष जीवनातील करुणाला लावणे ही विचारातली चूक आहे. 'सांस्कृतिक पर्यटन' नावाचा जो नवा रसिकवर्ग उदयाला आला आहे, तो ही चूक रोज करतो आणि तिला संवेदनशीलता म्हणतो.

या चुकीवर एक उपाय पश्चात्तापाचा आहे. प्रत्येक घासाला इतिहास आठवावा, प्रत्येक पदार्थाला स्मारक समजावे, खाण्याऐवजी शोक करावा. विद्यापीठांतून हा सूर अलीकडे बराच ऐकू येतो. त्यात सद्हेतू आहे. परंतु त्यात एक अहंकारही दडलेला आहे, कारण तो अन्न रांधणाऱ्याला केवळ पीडित म्हणूनच ओळखतो. ज्या बाईने ते रांधले तिने काय केले, हे तो पाहत नाही.

तिने काय केले याचा पुरावा स्वयंपाकघरात आहे. मॉरिशसच्या जुन्या घरांत मसाला वाटण्याचा पाटा असतो. त्याला 'रोश कारी', कढीमसाल्याचा दगड, म्हणतात. त्यावर फिरणाऱ्या वरवंट्याला म्हणतात 'बाबा', म्हणजे तान्हे मूल. मराठी घरांत बारशाच्या दिवशी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याभोवती फिरवण्याची चाल आहे. या दोन गोष्टींचा ऐतिहासिक संबंध असेलच असे नाही, आणि तो जोडण्याचे कारणही नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की उसाच्या शेतातून थकून आलेल्या बाईने या जड दगडाला लाडाचे नाव ठेवले. शिध्यात तांदूळ आणि डाळ मोजून मिळत होती. त्या डाळीत काय वाटून घालायचे, ते मोजून मिळत नव्हते. अंगणातली मिरची, कुंपणावरचा शेवगा, कोण्या जहाजाबरोबर आलेली मोहरी, शेजारच्या क्रेओल बाईकडून शिकलेली टोमॅटोची रुगाय, चिन्याच्या दुकानातून उधारीवर आणलेली खारवलेली मासळी: चव हा त्या जीवनातला करारात न लिहिलेला भाग होता. भूक मालकाच्या हिशेबात होती, चव नव्हती. म्हणून ज्याला आज आस्वाद म्हणायचे तो पाहुण्याने प्रथम आणलेला नाही. तो रांधणारीचाच होता, आणि तिने तो आधी घेतला होता. तिच्या दुःखावर सुख उभारले जाते आहे असे मानून हात आखडणारा पाहुणा तिचा हा एकमेव विजयही नाकारतो.

जहाजाने आणखी एक गोष्ट केली होती. एका भटारखान्यात शिजलेले सर्वांनी खायचे, म्हटल्यावर घरी पाळलेला पंक्तिभेद टिकणे कठीण झाले. 'जहाजभाई' हे नाते त्यातून आले. हा बदल कुणा सुधारकाच्या उपदेशाने झाला नाही, अडचणीने झाला. त्यामुळे त्याचे फार कौतुक करणेही बरे नव्हे. जाती बेटावरही पुन्हा डोके वर काढत्या झाल्या, विशेषतः लग्नकार्यात आणि मतपेट्यांत. पण भाताच्या एका पातेल्याची आठवण तेथल्या पंगतींत अजून आहे. तमिळ सणाच्या दिवशी केळीच्या पानावर वाढल्या जाणाऱ्या 'सात कढीं'च्या जेवणाला तमिळेतर शेजारी सहज बसतात.

जे अन्नाचे, तेच गाण्याचे. सेगा हे गुलामांचे रात्रीचे गाणे आणि नाच. बकऱ्याच्या कातड्याचा 'रावान' शेकोटीवर शेकून ताणायचा आणि त्याच्या तालावर, पाय जमिनीवरून फारसे न उचलता, नाचायचे. पाद्र्यांना आणि मळेवाल्यांना ते अश्लील वाटे. २०१४ मध्ये युनेस्कोने पारंपरिक सेग्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. २०१६ मध्ये भोजपुरी बायकांच्या 'गीत गवाई'लाही, ज्यात लग्नघरातला तांब्या आणि चमचाही वाद्य होतो. दोन्ही मान योग्यच. परंतु हॉटेलच्या हिरवळीवर, जेवणाच्या टेबलांमधून, रंगीत घोळदार झगे घालून सादर होणारा सेगा पाहताना प्रेक्षकाला हे सांगितले जात नाही की सेगा आणि रेगे यांच्या संयोगातून 'सेगे' रूढ करणारा गायक काया हा २१ फेब्रुवारी १९९९ रोजी पोलिस कोठडीत मृतावस्थेत सापडला आणि त्यानंतर अनेक दिवस बेट दंगलींनी पेटले होते. 'एका ताटात सगळे जग' या वाक्याला त्या आठवड्यात कोणी मॉरिशसवासी दाद दिली नसती. ते ताट खरे आहे, आणि ती कोठडीही खरी आहे. पहिल्या गोष्टीने दुसरी झाकता येते, इतकाच या सुंदर शब्दप्रयोगाचा धोका आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशाची अडचण याहून निराळी, आणि काहीशी अवघड आहे. त्याला परकेपणाचा नव्हे, आपलेपणाचा मोह होतो. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली माणसे होती. त्यांचे वंशज मॉरिशसमध्ये आज मराठी म्हणून ओळखले जातात. गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. घरोघर मोदक होतात, मूर्ती समुद्रात आणि नदीत विसर्जित होतात. कोकणातल्या जाखडीचे 'झाकरी' हे रूप तेथे टिकून आहे. मराठी शाळांतून आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकवली जाते. घरातली बोली मात्र बहुधा क्रेओल आहे. हे सारे पाहून पाहुणा गहिवरतो, आणि गहिवराच्या भरात मोजमाप सुरू करतो. मोदकाची पारी जमली आहे का? उच्चार शुद्ध आहे का? डालपुरी समोर आली की तो म्हणतो, ही तर आपली पुरणपोळीच, फक्त गूळ विसरलेली. या वाक्यात प्रेम आहे आणि अन्यायही आहे. डालपुरीने गूळ विसरलेला नाही. तिला तो कधीच ठाऊक नव्हता. ती दुसऱ्या घरची लेक आहे. ज्या लोकांनी पावणेदोनशे वर्षे, शाळा, छापखाने आणि नातलगांची पत्रे यांच्यावाचून, आपल्या सणाची तिथी सांभाळली, त्यांना 'आपले राहिलेले अवशेष' समजणे हे दुरून आलेल्या आप्ताने घरमालकाची कपाटे उघडून पाहण्यासारखे आहे.

उलट जेथे नाते खरोखर आहे तेथे ते त्याच्या लक्षातच येत नाही. मॉरिशसमध्ये 'विंदाय' नावाचा पदार्थ आहे: तळलेली मासळी किंवा अष्टपाद, मोहरी, हळद, लसूण आणि शिरक्यात मुरवलेली. गोव्याचा 'विंदालू' आणि हा विंदाय यांचे मूळ पोर्तुगीजांच्या, द्राक्षमद्य नि लसूण या अर्थाच्या, एकाच शब्दात सांगितले जाते. पणजीच्या आणि पोर्ट लुईच्या स्वयंपाकघरांत असलेले हे आतेमामेभावंडांचे नाते कोणत्याही अस्मितेच्या कामाचे नाही, म्हणून त्याचा गहिवर कोणाला येत नाही.

चाखणाऱ्याकडे काही देणे लागते का, हा आरंभीचा प्रश्न असा अन्नाच्या भूतकाळात फिरून वर्तमानात येतो. आणि वर्तमानात तो अधिक रोकडा होतो. उसाने व्यापलेल्या या बेटाला आपल्या अन्नाचा फार मोठा भाग आयात करावा लागतो. भात नाही, गहू नाही. जे थोडे खरोखर तेथले, ते म्हणजे खाजणातली मासळी. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर पोवळ्यांच्या रांगेत रुतले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. किनाऱ्यावरचे लोक सरकारी आदेशाची वाट न पाहता गोळा झाले आणि कापडाच्या पिशव्यांत उसाचे पाचट भरून, त्यांचे लांब दोर शिवून त्यांनी तेल अडवले. खाजणातल्या मासेमारीवर बंदी आली. त्या वर्षी महामारीमुळे बेटावर पाहुणे नव्हतेच. विमाने पुन्हा उतरू लागली तेव्हा हॉटेलांच्या ताटांत मासळी होती. ती कोठून आली, हे विचारणे शिष्टाचाराला धरून नसते.

वास्तविक तेच विचारायला हवे. मूळ कोणते, अस्सल काय, आजीची कृती कोणती, या प्रश्नांत पाहुण्याला रस असतो, कारण त्यांच्या उत्तरांनी त्याचा आनंद वाढतो. मासा कोणी धरला, त्याला किती मिळाले, हे पान धुणारी मुलगी किती वाजता घरी जाईल आणि घरी काय जेवेल, या प्रश्नांनी आनंद वाढत नाही. तैत्तिरीय उपनिषदातला भृगू अन्न हेच ब्रह्म अशा प्रतीतीपासून निघतो आणि प्राण, मन, विज्ञान या पायऱ्या चढत आनंदापाशी पोहोचतो. दर पायरीला त्याला परत पाठवले जाते, पुन्हा तप करायला लावले जाते. पर्यटकाला अन्नावरून थेट आनंदावर नेणारी सोय केलेली असते. मधल्या पायऱ्या बिलात धरलेल्या नसतात.

नैऋत्येला ल मोर्न नावाचा उभा कडा आहे. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपत. गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन येणारे शिपाई त्यांना पकडायला येत आहेत असे वाटून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका बेटावर सांगतात. २००८ मध्ये तो कडा जागतिक वारसा झाला. त्याच्या पायथ्याशी, समुद्राच्या कडेने, बेटावरची काही अत्यंत महागडी हॉटेले आहेत, आणि संध्याकाळी तेथल्या टेबलांवरून कडा फार सुंदर दिसतो. तेथे माडाच्या जातीच्या झाडाचा कोवळा गाभा कापून केलेली कोशिंबीर मिळते. एका ताटासाठी एक झाड तोडावे लागते, म्हणून तिला लक्षाधीशांची कोशिंबीर म्हणतात, आणि हे नाव खाणाऱ्याला लाजवण्यासाठी ठेवलेले नाही.

बाजारातला डालपुरीवाला दुपारी दोनपर्यंत पेटी रिकामी करतो. रांगेत पुढे उभ्या असलेल्या कारकुनाला घाई असते. तो बोटांनीच दाखवतो, दोन जोड्या. पाहुण्याची पाळी येते तेव्हा विक्रेता त्याच्याकडे न पाहता सगळ्यांना विचारतो तेच विचारतो: मिरची घालू? पाहुणा फ्रेंच शब्द आठवत राहतो आणि मागची माणसे थांबून राहतात. तोवर आमटी पडलेली असते, मिरचीचा चमचा हवेत असतो, आणि विक्रेत्याची नजर रांगेतल्या पुढच्या माणसाकडे गेलेली असते.